इम्पोर्ट पूर्ण, तरी मेल अर्धेच: जुना ईमेल संग्रह नव्या प्रोग्रॅममध्ये नेताना

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. नवा मेल प्रोग्रॅम बसवला, जुना संग्रह इम्पोर्ट केला, काम पूर्ण झाल्याची सूचना आली, एकही एरर नाही. पुढे कधीतरी एखादा जुना करार किंवा जवळच्या माणसाचं पत्र शोधायला जावं, तर ते सापडत नाही. कधी नेमकं उलट होतं. केव्हाच डिलीट केलेले मेल परत येऊन बसतात, प्रत्येक मेल दोनदा दिसतो, वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारावर एकच तारीख पडते. मग घाईघाईत तोच इम्पोर्ट पुन्हा चालवला जातो आणि गुंता दुप्पट होतो.

असे बरेच संग्रह मी हलवले आहेत, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा जुन्या फाइलमध्ये आधीपासून असतं आणि जुना प्रोग्रॅम ते झाकून ठेवत असतो. त्यामुळे नव्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी जुनी फाइल नीट बघा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

मेल नक्की आहेत कुठे?

खातं आयमॅपवर असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असतात. नव्या प्रोग्रॅममध्ये खातं जोडलं की ते आपोआप उतरतात, इम्पोर्टची गरजच नाही. तरीही इम्पोर्ट केलात तर दोन-दोन प्रती होणारच. खातं पॉपवर असेल तर गोष्ट वेगळी. पॉपची मूळ रीतच अशी, की मेल उतरवून घेतले की सर्व्हरवरचे पुसायचे. म्हणजे तुमच्या डिस्कवर आहे तीच कदाचित जगातली एकमेव प्रत.

सगळ्यात जास्त फसवणारा तिसरा प्रकार आहे. खातं आयमॅपचं, पण सर्व्हरवरची जागा संपत आली म्हणून जुने मेल कधीतरी ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढून ठेवलेले. नवं खातं जोडल्यावर अलीकडचे मेल दिसतात, आपण निर्धास्त होतो, आणि जुनी वर्षं मागेच राहतात.

आउटलुकमध्ये अशा दोन जागा जरूर तपासा. एक, ऑटोआर्काइव्ह: हे चालू असेल तर ठरावीक काळाहून जुने मेल मुख्य फाइलमधून उचलून ‘आर्काइव्ह.पीएसटी’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले जातात. मुख्य फाइल एक्स्पोर्ट केली तरी ही बाजूलाच राहते. दुसरी जागा खात्याच्या सेटिंगमधली, ऑफलाइन किती काळाचे मेल ठेवायचे हे ठरवणारी सरकपट्टी. ती एक वर्षावर असेल तर कॉम्प्युटरवर एका वर्षाचेच मेल असतात आणि एक्स्पोर्टमध्येही तेवढेच जातात. पट्टी ‘सर्व’वर न्या, सगळं उतरून होईपर्यंत थांबा, मगच एक्स्पोर्ट करा.

फाइल ओळखा

थंडरबर्ड मेल एमबॉक्स प्रकारात ठेवतो. एका फोल्डरची एक लांबलचक फाइल, तिला एक्स्टेन्शन नसतं, आणि शेजारी त्याच नावाची ‘.एमएसएफ’ फाइल असते. मेल फक्त पहिलीत असतात. दुसरी नुसती यादी आहे. उपफोल्डर ‘.एसबीडी’ शेपूट असलेल्या डिरेक्टरीत सापडतात. आउटलुकचा साठा ‘.पीएसटी’ किंवा ‘.ओएसटी’मध्ये, आउटलुक एक्स्प्रेसचा ‘.डीबीएक्स’मध्ये, तर विंडोज लाइव्ह मेलमध्ये दर मेलाची स्वतंत्र ‘.ईएमएल’ फाइल असते. अ‍ॅपल मेल ‘.ईएमएलएक्स’ वापरतो. हे ईएमएलच असतं, फक्त आधी बाइट्सचा आकडा आणि शेवटी अ‍ॅपलची स्वतःची माहिती जोडलेली असते. म्हणून नुसतं नाव बदलून काम होत नाही.

अ‍ॅपल मेलमधून एक्स्पोर्ट केल्यावर जी ‘.एमबॉक्स’ गोष्ट मिळते ती फाइल नसून फोल्डर असतो, आणि खरी फाइल त्याच्या आत ‘एमबॉक्स’ याच नावाने असते. दुसऱ्या प्रोग्रॅमला बाहेरचा फोल्डर दाखवला की तो ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. अ‍ॅपलच्या साठ्यात ‘.पार्शल.ईएमएलएक्स’ नावाच्या फाइली दिसल्या तर त्या मेलांच्या अटॅचमेंट त्या फाइलमध्ये नाहीत हे समजून घ्या. आधी अ‍ॅपल मेलमधूनच पूर्ण मेल उतरवून घ्या.

कॉपी करतानाच बिघडतं ते

जुना प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि मगच फाइली कॉपी करा. प्रोग्रॅम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर मावत नाही, ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असली तरी. मोठ्या इनबॉक्सच्या बाबतीत हे हमखास घडतं. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते बघा.

अँटिव्हायरसकडेही लक्ष असू द्या. एमबॉक्समध्ये हजारो मेल एकाच फाइलमध्ये असतात. त्यातल्या एका जुन्या स्पॅम मेलात व्हायरस सापडला तर काही अँटिव्हायरस अख्खी फाइलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या बंदिस्त जागेत, टाकतात. इनबॉक्स एकाएकी रिकामा झाला असेल तर पहिल्यांदा अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी उघडा. तोपर्यंत दुसरं काहीही करू नका.

मेल अर्धे तुटलेले किंवा नावगाव नसलेले

यादीत मधूनच एखादा मेल दिसतो, ज्याला विषय नाही, पाठवणारा नाही, आणि मजकूर वाक्याच्या मध्यापासून सुरू होतो. त्याच्या आधीचा मेल मात्र अर्ध्यात संपलेला असतो. अनेक जण हे फाइल करप्ट झाल्याचं लक्षण समजतात आणि संग्रहावर पाणी सोडतात. फाइल बहुतेक वेळा शाबूत असते.

एमबॉक्समध्ये एक मेल कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कळायची खूण एकच: एका रिकाम्या ओळीनंतर येणारी, इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि त्यापुढे स्पेस अशी सुरू होणारी ओळ. या ‘फ्रॉम’पुढे कोलन नसतो. मेलाच्या मथळ्यातला (म्हणजे मजकुराआधीच्या पाठवणारा, विषय, तारीख अशा ओळींमधला) ‘फ्रॉम’ वेगळा, त्याच्यापुढे कोलन असतो. आता समजा एखाद्याने इंग्रजी मेलात परिच्छेदच ‘फ्रॉम मंडे...’ असा सुरू केला, तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने तिथे नवा मेल सुरू झाला. हे टाळायला जुन्या प्रोग्रॅमने फाइल लिहिताना त्या ओळीच्या आधी ‘पेक्षा मोठे’ची खूण (>) घालायला हवी. काही प्रोग्रॅम ती घालतात, काही घालत नाहीत, आणि वाचणारे प्रोग्रॅमही यात एकमताचे नाहीत. एमबॉक्सचे निरनिराळे पोटप्रकार याच मतभेदातून झाले आहेत.

उपाय साधा आहे. फाइलची प्रत घ्या. मोठ्या फाइली उघडू शकणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडा आणि तुटलेल्या मेलाचा पहिला शब्द शोधा. त्याच्या वर-खाली बघा. खऱ्या सांध्याच्या ओळीत ‘फ्रॉम’नंतर एक पत्ता किंवा डॅश आणि मग तारीख-वेळ असते, आणि लगेच खाली मथळ्याच्या ओळी लागतात. तुमच्या ओळीत तारीख नसेल आणि खाली साधा मजकूर असेल तर तो खोटा सांधा. त्या ओळीच्या सुरुवातीला ती खूण घाला, फाइल सेव्ह करा, पुन्हा इम्पोर्ट करा. तुटलेले दोन तुकडे एकत्र येतात, आणि अटॅचमेंट तुटली असेल तर तीही उघडते. एडिटर फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बदलून सेव्ह करणारा नसावा, एवढी काळजी घ्या.

डिलीट केलेले मेल परत आले

याचं कारण कळलं की धास्ती जाते. एमबॉक्समधून एक मेल खरोखर काढायचा तर पुढची सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते. म्हणून थंडरबर्ड डिलीट केलेला मेल जागेवरच ठेवतो आणि त्याच्या मथळ्यातल्या ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीत तशी नोंद करतो. थंडरबर्ड ही नोंद पाळतो. दुसऱ्या प्रोग्रॅमला ती ठाऊक नसते, तो सगळेच मेल दाखवतो. तेव्हा जुन्या प्रोग्रॅममध्ये फोल्डरवर ‘कॉम्पॅक्ट’ चालवा आणि मग फाइल उचला. मात्र कॉम्पॅक्टने ते मेल कायमचे जातात, म्हणून त्याआधी एक प्रत बाजूला ठेवा. चुकून डिलीट झालेला महत्त्वाचा मेल याच प्रतीतून परत मिळवता येतो.

थंडरबर्डमधून थंडरबर्डमध्ये फाइली हलवत असाल आणि फोल्डर रिकामा किंवा विचित्र दिसत असेल, तर दोष बहुधा जुन्या यादीचा. ‘.एमएसएफ’ फाइली बरोबर नेऊच नका. नेल्या असतील तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून ‘रिपेअर फोल्डर’ दाबा, यादी मूळ फाइलवरून नव्याने तयार होते. थंडरबर्डचं स्वतःचं एक्स्पोर्ट वापरायचं ठरवलं असेल तर प्रोफाइल (तुमचे मेल आणि सेटिंग ज्यात असतात तो साठा) २ जीबीपेक्षा मोठी असताना ते चालत नाही. तेव्हा प्रोफाइलचा फोल्डर हातानेच कॉपी करावा लागतो.

सगळ्या मेलांवर आजची तारीख

प्रत्येक मेलाला एकापेक्षा जास्त तारखा असतात. पाठवणाऱ्याने घातलेली मथळ्यातली तारीख, सर्व्हरने स्वतःजवळ नोंदवलेली तारीख, एमबॉक्सच्या सांध्याच्या ओळीतली तारीख. आयमॅप सर्व्हरवर मेल चढवताना प्रोग्रॅमने जुनी तारीख सांगितली नाही तर सर्व्हर चढवल्याची वेळ नोंदवतो. मथळ्यातली खरी तारीख जशीच्या तशी असते, ती कुठेही गेलेली नाही. यादीत ‘प्राप्त’ ऐवजी ‘दिनांक’ हा स्तंभ निवडून त्यावर क्रम लावा. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये असा पर्याय नसेल तर सर्व्हरवरचे मेल काढून ते तारीख राखणाऱ्या साधनाने पुन्हा चढवावे लागतात. एका आयमॅप खात्यातून दुसऱ्यात मेल नेणारं आयमॅपसिंक हे साधन ही तारीख आपण होऊन राखतं.

आणखी एक. काही मेल गायब वाटत असतील तर यादी अगदी तळापर्यंत सरकवा. मथळ्यातली तारीख बिघडलेली असेल तर तो मेल १ जानेवारी १९७० या दिवशी जाऊन बसतो, कारण कॉम्प्युटरचं कालगणनेचं शून्य तिथे आहे.

आउटलुकचा साठा

आउटलुक एमबॉक्स उघडत नाही, आणि इतर बहुतेक प्रोग्रॅम पीएसटी उघडत नाहीत. मधला मार्ग लागतोच. पण आधी फाइलची प्रकृती बघा. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, आणि तिला टेकलेल्या फाइली बिघडायच्या. २००३ पासूनच्या नव्या रचनेत मर्यादा आधी २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली. जुनी फाइल २ जीबीच्या जवळपास असेल तर इम्पोर्ट मध्येच थांबणं स्वाभाविक आहे. आउटलुकबरोबर येणारा ‘स्कॅनपीएसटी’ तिच्या प्रतीवर चालवा. एका फेरीत सगळ्या चुका निघत नाहीत, तेव्हा चुका दाखवणं थांबेपर्यंत तो पुन्हा पुन्हा चालवावा.

ओएसटी ही सर्व्हरवरच्या खात्याची स्थानिक सावली आहे. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन थेट उघडता येत नाही. खातं चालू असतानाच पीएसटी करून ठेवा. खातं बंद झाल्यावर ओएसटी घेऊन फिरणाऱ्यांची परवड मी पाहिली आहे, आणि ती टाळता येण्यासारखी असते.

लिनक्स हाताशी असेल तर ‘रीडपीएसटी’ हे मोफत साधन पीएसटीचं एमबॉक्स किंवा ईएमएल करून देतं. मला हा रस्ता सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण यातून साध्या फाइली हाती येतात आणि त्या उघडून तपासता येतात. तयार झालेलं एमबॉक्स थंडरबर्डमध्ये घ्यायला ‘इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी’ हे अ‍ॅड-ऑन चांगलं काम करतं.

सर्व्हरमार्गे नेताना

दोन्ही प्रोग्रॅममध्ये एकच आयमॅप खातं जोडायचं, जुन्यातून मेल सर्व्हरवर ओढायचे, नव्यात उतरवायचे. छोट्या संग्रहाला ही युक्ती उत्तम. पण दोन अडथळे ध्यानात ठेवा. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने चालणारा जुना प्रवेश मे २०२२ अखेरीस बंद केला, आणि मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या संस्थांसाठीच्या मेल सेवेवर ऑक्टोबर २०२२ पासून तेच केलं. म्हणून जुना प्रोग्रॅम ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहतो. पासवर्ड बरोबरच असतो. प्रोग्रॅमला नवी प्रवेशपद्धत येत नाही. जीमेलवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढता येतो. दुसरा अडथळा वेगाचा. जीमेलवर आयमॅपने दिवसाला ५०० एमबी चढवता येतं आणि २५०० एमबी उतरवता येतं. मर्यादा ओलांडली की खातं काही काळ अडतं आणि काम मध्येच तुटतं. मोठा संग्रह असेल तर वर्षावार फोल्डर करून थोडाथोडा न्या.

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलाला तीन लेबलं असतील तर आयमॅपमध्ये तो तीन फोल्डरांत आणि शिवाय ‘ऑल मेल’मध्ये दिसतो. सगळे फोल्डर लोकलला ओढले तर चार प्रती झाल्या. त्यापेक्षा गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) एमबॉक्स घ्या. त्यात मेल एकदाच येतो आणि लेबलं मथळ्यातल्या एका ओळीत लिहिलेली असतात. मात्र ‘ऑल मेल’च्या त्या फाइलमध्ये स्पॅम आणि ट्रॅशही असतात, ते आधीच रिकामे करून घ्या.

अर्धवट तुटलेल्या इम्पोर्टवर पुन्हा इम्पोर्ट करू नका. तो फोल्डर पूर्ण काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. दुबार मेल झालेच असतील तर ते मेसेज-आयडी (मथळ्यातली प्रत्येक मेलाची वेगळी ओळख) जुळवून काढणारं अ‍ॅड-ऑन वापरा. नुसता विषय आणि तारीख जुळवून काढू नका, एकाच मिनिटात आलेली दोन वेगळी उत्तरं त्यात बळी जातात.

मराठी मजकुराची अक्षरं बिघडली

इथे दोन आजार आहेत आणि ते दिसायला सारखे आहेत. मेल यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये लिहिलेला असेल पण मथळ्यात तसं नमूद नसेल, तर देवनागरीच्या जागी रोमन स्वरचिन्हांची आणि चलनचिन्हांची रांग दिसते. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबून बघा. मजकूर सहसा जागेवर येतो.

दुसरा आजार युनिकोडपूर्व फॉन्टचा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मुळात देवनागरी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांना देवनागरी चेहरा दिलेला असतो. एन्कोडिंग कितीही बदललं तरी तो मजकूर सुधारणार नाही. कोणता फॉन्ट होता ते शोधा (एचटीएमएल मेल असेल तर ‘व्ह्यू सोर्स’मध्ये फॉन्टचं नाव मिळतं) आणि त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून मजकूर काढा. रूपांतरित मजकूर वेगळा ठेवा, मूळ मेल तसाच असू द्या.

फोल्डरची नावं मराठीत असतील तर तीही कधी ओळखू येत नाहीत. आयमॅप नावांसाठी यूटीएफ-७चा एक बदललेला प्रकार वापरतो, म्हणून डिस्कवर ‘अँड’च्या चिन्हाने (&) सुरू होऊन डॅशने संपणारी नावं दिसतात. आतले मेल ठीक असतात, नाव हाताने बदला. मेल ईएमएल म्हणून काढताना विषयच फाइलचं नाव होत असेल तर लांबीवर अडतं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट्स मिळतात, आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स खातं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत काम भागवायचं. नावात विषयाऐवजी तारीख आणि क्रमांक घ्या. असे मेल वगळले जातात तेव्हा काही साधनं सूचनासुद्धा देत नाहीत.

पडताळणी

प्रत्येक फोल्डरमधल्या मेलांची संख्या दोन्हीकडे लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. आकडे जुळले नाहीत तर फरक कोणत्या फोल्डरात आहे हे तरी कळतं, आणि सगळा संग्रह पुन्हा हलवावा लागत नाही. मग दर फोल्डरमधला सगळ्यात जुना मेल, सगळ्यात नवा मेल आणि मोठी अटॅचमेंट असलेला एखादा मेल उघडा. अटॅचमेंट नुसती दिसून उपयोग नाही, ती उघडली पाहिजे. थंडरबर्डमध्ये कधी ‘डिटॅच’ केलेल्या अटॅचमेंट मेलात नसतात. मेलात फक्त जुन्या डिस्कवरचा पत्ता असतो, तो नव्या कॉम्प्युटरवर कुठेच पोचत नाही. युडोरा हा जुना मेल प्रोग्रॅम तर सगळ्याच अटॅचमेंट वेगळ्या फोल्डरात ठेवायचा. तो फोल्डर शोधून बरोबर न्या.

कूटबद्ध मेल असतील तर ते जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडतात म्हणून नव्यातही उघडतील असं धरून चालू नका. एस-माइम आणि पीजीपी या मेल कूटबद्ध करायच्या दोन पद्धती. एस-माइमची प्रमाणपत्रं आणि पीजीपीच्या खासगी किल्ल्या मेलांबरोबर जात नाहीत, त्या स्वतंत्रपणे एक्स्पोर्ट कराव्या लागतात. मुदत संपलेलं प्रमाणपत्रसुद्धा टाकून देऊ नका, त्या काळातले मेल त्याच्याशिवाय उघडत नाहीत. हे सगळं नव्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिल्याशिवाय जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका.